सही तेवढी राहिली

भाऊबीज झाली की आमच्या कॉलनीत दोन-तीन दिवस कुणाच्या हाताला काम चढत नाही. घासलेली ताम्हणं भिंतीवर उन्हात पालथी पडलेली असतात, डब्यातल्या चकल्या मऊ पडायला लागलेल्या असतात, आणि कुणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं, काय देऊन गेलं याचा हिशोब लागल्याशिवाय तुळशीच्या लग्नाचं कुणी नावही काढत नाही. हा हिशोब लागतो तो आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या मधल्या भिंतीवर. चार फुटांची भिंत आहे. ज्यानं बांधली त्यानं ती कुत्री अडावीत म्हणून बांधली. बायका अडतील असं त्या बिचाऱ्यालाही वाटलं नसणार.

"ताई, तुमच्या भावाची गाडी किती वेळ होती हो दारात?" वहिनींनी जास्वंदीची फुलं तोडता तोडता विचारलं.

"मोजलीत वाटतं?"

"मोजायची कशाला? मी पायरी धूत होते. पायरी धुऊन व्हायच्या आत गेली."

खोटं नव्हतं. माझा भाऊ पुण्याचा आणि आम्ही बहिणी तिघी: मी साताऱ्यात, मधली कऱ्हाडला, धाकटी कोल्हापूरला. देवानंच आम्हाला हायवेवर ओळीनं बसवलंय. सकाळी निघायचं, साताऱ्यात चहा, कऱ्हाडला जेवण, कोल्हापूरला मुक्काम. माझ्या वाट्याला दरवर्षी चहाच येतो. बासुंदी केली होती, ती त्यानं डब्यात घालून नेली आणि कऱ्हाडला ताटात वाढून घेतली, असं मधलीनं फोनवर सांगितलं. तिची बासुंदी पातळ झाली होती म्हणे.

"आणि तुमची भावजय?"

"ती गाडीतच होती. म्हणाली, उतरले की उशीर होतो."

वहिनींनी एक फूल जरा जोरात खुडलं. त्यांचं या विषयावरचं सगळं मत त्या फुलाच्या देठाला कळलं असेल.

तशा वहिनी समतोल बाई. त्यांचं म्हणणं, भाऊबीजेला भावानं बहिणीकडे जायचं हे यमानंच ठरवून दिलंय, त्यात कुणी फेरफार करू नये. यमाला कुणी आपणहून घरी बोलावत नाही; यमुनेनं बोलावलं, न्हाऊ घातलं, ओवाळलं, जेवू घातलं. आणि यमानं वर दिला तो जेवण झाल्यावर. येतानाच काखेत काही घेऊन आला नव्हता. हे शेवटचं त्या दोनदा म्हणाल्या. दोनदा का, ते मला मागाहून कळलं.

त्यांची जाऊ एकदा मथुरेला यमद्वितीयेला विश्राम घाटावर गेली होती. तिथे बहीण-भाऊ एकमेकांचा हात धरून यमुनेत बुडी मारतात. जावेबरोबर भाऊ नव्हता, नवरा होता. त्याचा हात धरून बुडी मारावी का, यावर घाटावर दोघांचं जे वाजलं, ते वहिनी इतकं रंगवून सांगतात की आम्ही दरवर्षी ऐकतो.

"पण आता उलटंच झालंय बघा," वहिनी म्हणाल्या. "भाऊ कुठे येतात? बहिणीच पिशव्या घेऊन एस.टी.नं माहेरी."

"अर्धं तिकीट आहे ना."

"तेच तर! १७ मार्च २०२३. तारीख पाठ आहे मला. त्या दिवसापासून आमचा भाऊ म्हणतो, तुझं तिकीट अर्धं, माझं पेट्रोल पूर्ण, तूच ये."

हे मला पटलं. सवलत चांगलीच आहे, मीही तिच्या जिवावर नरसोबाच्या वाडीला जाऊन येते. पण या अर्ध्या तिकिटानं भावांची मात्र पूर्ण सोय केली. भाऊबीजेच्या दिवशी साताऱ्याच्या स्टँडवर जाऊन बघा. पाटणच्या, वडूजच्या, फलटणच्या गाडीला नुसत्या बायका, हातात करंज्यांचे डबे. यम घरी बसलाय आणि यमुनाच निघाल्यात.

"सरकारसुद्धा भाऊच झालंय की आता," मी म्हटलं. "२०२४ ला राखीच्या तोंडावर पैसे आले खात्यात. महिन्याला पंधराशे."

"आले. आणि मग केवायसी मागितली. भावानं बहिणीची केवायसी केलेली मी जन्मात पहिल्यांदा बघितली!" वहिनी हसल्या. "आमच्या सासूबाईंचं तर आणखीनच. पासष्ट ओलांडली म्हणून त्या लाडक्या नाहीत. पंचाहत्तर पुरी नाही म्हणून एस.टी. फुकट नाही. मधली दहा वर्षं त्यांनी काय करायचं?"

"तुमच्याकडे राहायचं."

"ते करतातच आहेत."

तेवढ्यात मागच्या बंगल्याच्या गॅलरीतून आजींनी हाक मारली. आजी ऐंशीच्या पुढच्या; कान अधू, पण गप्पांचं बरोबर ऐकू येतं. त्यांचं माहेर माण तालुक्यातलं.

"आमच्या टायमाला राखी कुठं हुती गं? पुनवेला नारळीभात, आन् भटजी सुताचं पवतं द्यायचे, ते हाताला. भावाचं म्हंजी पंचमीचं. आदल्या दिशी भावाचा उपास, दुसऱ्या दिशी वारूळ, झोका, फेर. भाऊ न्यायला यायचा बैलगाडी घिऊन. वाट बघून बघून डोळं दुखायचं."

"आणि राखी कधी आली हो आजी?"

"शाळंतनं आली. पोरांनी आणली." आजी म्हणाल्या आणि आत गेल्या. एवढं सांगायलाच बाहेर आल्या होत्या.

आजींच्या म्हणण्याला पुस्तकांत आधार शोधायला मी गेले नाही, पण माझ्या आईच्या बोलण्यातही राखीपेक्षा पंचमी जास्त असायची. नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा उपवास आमच्याकडे अजून होतो. भावाला कल्पनाही नसते. तो बिचारा त्या दिवशी हॉटेलात मिसळ खात असतो आणि इकडे आम्ही तिघी त्याच्या नावानं भगर खातो. यंदा मी त्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "अगं, मग माझं वजन कमी का होत नाही?"

राखीचं मात्र पोस्टानं चांगलं जमवलंय. पावसाळ्याचे दिवस, म्हणून न भिजणारे खास लिफाफे काढतात. माझी राखी त्यातून कोरडी जाते आणि भाऊ ती देवघराच्या कप्प्यात कोरडीच ठेवतो. त्या कप्प्यात मागल्या सगळ्या वर्षांच्या राख्या आहेत, हे मी स्वतः बघितलंय. त्यामुळे चहा पिऊन पळणाऱ्या माणसावर मला पुरतं रागावता येत नाही.

मग आम्ही कोपऱ्यावरच्या नव्या सुनेकडे वळलो. तिचा भाऊ अमेरिकेत. तिनं सकाळी आठला पाट मांडला, पाटावर स्टीलचा डबा, डब्याला टेकवून मोबाइल. मोबाइलला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. तिकडे अजून पाडव्याची रात्र चालू होती, भाऊ जांभया देत होता. ही ओवाळतीय तोवरच फोन टिंग वाजला: ओवाळणी खात्यात जमा. निरांजन हातातच होतं अजून.

"किती?" मी विचारलं. हा प्रश्न सभ्य नाही, पण भिंतीवर चालतो.

"तिच्या सासूनं सांगितलं नाही. पण त्यानंतर ती सासू दोन दिवस सुनेला 'बाळा' म्हणतीय."

शेजारच्या अपार्टमेंटच्या वॉचमनची गंमत तर मी स्वतः पाहिली. तो नेपाळचा. त्याची बहीण पुण्यात कुठेतरी कामाला आहे, ती मुद्दाम आली होती. त्यांच्यात भाऊबीजेला भाईटीका म्हणतात. दाराशी अक्रोड ठेवून दगडानं फोडला, भावाभोवती तेलाची धार सोडत फिरली, कपाळावर एकाखाली एक सात रंगांचे ठिपके काढले. गळ्यात त्या गोल जांभळ्या फुलांची माळ, जी वाळली तरी रंग सोडत नाही. त्या रात्री तो माळ घालूनच ड्युटीवर बसला होता. सेक्रेटरींनी विचारलं, "अरे, हे काय?" तर म्हणाला, "साहेब, बहिणीनं यमाला बांधून ठेवलंय. आज गेट उघडं राहिलं तरी चालतंय." सेक्रेटरींना ते चाललं नाही, हा भाग निराळा.

आणि वरच्या गल्लीतल्या बाई. निवृत्त शिक्षिका, सख्खा-चुलत एकही भाऊ नाही. त्या दरवर्षी गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळतात. आमच्याकडे रीतच आहे ती, भाऊ नसला की चांदोबा. पण बीजेची कोर म्हणजे सूर्यामागोमाग बुडणारी. यंदा त्यात ढग. बाई ताम्हण घेऊन पाण्याच्या टाकीशेजारी उभ्या राहिल्या, फट पडली तेवढ्यात ओवाळून घेतलं. मी सकाळी विचारलं, तर म्हणाल्या, "माझा भाऊ वर्षातून एकदा येतो आणि तासाभरात जातो." मी म्हटलं, "बाई, नशीबवान आहात. माझा वीस मिनिटांत गेला."

याच बाई दिवाळीत पावतीपुस्तक घेऊन फिरतात. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवा मुलींसाठी काढलेल्या संस्थेचा भाऊबीज निधी असतो, तो गोळा करतात. कॉलनीतल्या ज्या पुरुषांनी सख्ख्या बहिणीच्या ताटात पाचशेची नोट घालताना खिसे चाचपले, ते बाईंसमोर गुपचूप हजार काढतात. पावती मिळते ना.

हे सगळं झालं, पण वहिनी अजून खऱ्या विषयाला आल्या नव्हत्या. फुलं तोडून संपली होती, तरी परडी घेऊन उभ्याच होत्या.

"मागच्या गल्लीतल्या कोरेगावच्या काकूंचं कळलं का?"

आता इथे सांगायला हवं, की काकू राहतात साताऱ्यातच. कोरेगाव तालुका हे त्यांचं माहेर. पस्तीस वर्षं होत आली लग्नाला, तरी कॉलनीत त्या कोरेगावच्याच. वडील या उन्हाळ्यात गेले. दोन भाऊ. पाटाच्या पाण्याखालची ऊस-आल्याची जमीन. जवळून जाणारा रस्ता रुंद झाला, आणि ज्या शेतात आयुष्यभर चिखल तुडवला तिथे आता लोक मोटारीतून उतरून बूट न भिजवता भाव विचारतात.

"दोघं भाऊ आले होते. सहकुटुंब. सकाळी दहालाच," वहिनी म्हणाल्या. "आणि पैठणी! येवल्याची, हातमागाची. पदरावर मोर. मी हात लावून बघितली. इतक्या वर्षांत त्या भावांनी कधी बाराशेच्या वरची साडी नेसवलेली नाही."

"वडील गेले म्हणून असेल. पहिली दिवाळी."

"मलाही तसंच वाटलं. मग जेवणं झाली. पान खाताना थोरल्यानं पिशवीतून कागद काढला."

हक्कसोड पत्र. टाइप करून तयार. कोणते गट, किती क्षेत्र, 'राजीखुशीने, कोणत्याही दडपणाखाली न येता' वगैरे सगळं. साक्षीदारांचीही नावं घातलेली. सुट्ट्या संपल्या की दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नंबर लावून ठेवलाय, वकील थांबणार आहे, तू फक्त आधार कार्ड घेऊन गाडीत बस. फोटो, अंगठा, अर्ध्या तासाचं काम.

"काकू काय म्हणाल्या?"

"काकू काही नाही. त्या उठून ताक आणायला गेल्या. बोलली ती त्यांची लेक."

काकूंची लेक एल.एल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलनीत आत्तापर्यंत तिची ओळख 'उशिरा उठणारी' एवढीच होती.

थोरला मामा म्हणाला, ही नुसती रीत आहे, हक्क तसाही नाही. तुझ्या आईचं लग्न १९९१ चं. महाराष्ट्राचा कायदा आला जून १९९४ मध्ये, आणि त्याआधी लग्न झालेल्या मुलींना तो लागू नाही. मामा तयारी करून आला होता. लेक म्हणाली, "मामा, तो राज्याचा. त्यानंतर केंद्राचा आला, ९ सप्टेंबर २००५ पासून. त्यात मुलीचं लग्न कधी झालं ते विचारत नाहीत. आणि हक्क नसेल तर सोडायचा काय?"

"असं म्हणाली?" मी भिंतीवर कोपरं टेकली.

"असं! आणि मग मोबाइल काढला. त्यावर सातबारा. पंधरा रुपयांत निघतो म्हणे, डिजिटल सहीचा. आजोबांच्या नावाखालून वारस लागलेत ते वाचून दाखवले. दोन्ही मामांची नावं मालकांच्या रकान्यात. आणि आईचं नाव कुठे? तर इतर हक्कात."

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. सातबाऱ्यावर जमीन ज्यांची, त्यांची नावं एका ठिकाणी येतात, आणि इतर हक्क हा रकाना निराळा. विहिरीतला हिस्सा, वाटेचा वाद, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, सगळं तिथे. गावोगाव बहिणींची नावं त्याच रकान्यात ढकललेली सापडतात. नाव लावलं, असं बहिणीला सांगता येतं, आणि मालक आपणच, असं गिऱ्हाइकाला. काकूंचं नाव सोसायटीच्या बोजाच्या बरोबर खाली होतं. हे मला लेकीनंच नंतर दाखवलं. म्हणजे वहिनींच्या आधी मला ठाऊक होतं, पण भिंतीवर समोरच्याला सांगू द्यायचं असतं.

"मग ताक घेऊन काकू आल्या," वहिनींनी आवाज खाली आणला. "सगळ्यांना वाढलं. आणि म्हणाल्या, दादा, तुम्हाला मी मनापासून ओवाळलं. साडी आवडली, मी नेसणार आहे. पण ताम्हणात कागद ठेवू नका."

"वा!"

"वा कसलं, ताई? धाकट्याच्या बायकोनं ताकाला हात लावला नाही. चौघं तडक उठून गेले. करंज्यांचे डबे बांधून ठेवलेले, ते तसेच राहिले."

"पैठणी?"

"ती ठेवली की काकूंनी. घडी मोडून ठेवली, परत मागायला नको कुणी."

इथून पुढे वहिनींचं आणि माझं जुळेना. वहिनी म्हणाल्या, काकूंचं चुकलं. नवऱ्याची पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे, लेक वकील होईल. कशाला हवी जमीन? माहेर तुटतं हो अशानं. उद्या अडीअडचणीला दारात कोण उभं राहणार?

मी म्हटलं, "त्या जमीन कुठे मागतायत? सही करत नाहीत, एवढंच."

"एकच झालं ते."

एकच कसं होईल? पण कॉलनीत संध्याकाळपर्यंत ते एकच झालं होतं. दूधवाल्याकडे ऐकलं की काकूंनी तिसरा हिस्सा मागितला, इस्त्रीवाल्याकडे ऐकलं की निम्मा, आणि रात्री देवळात कुणीतरी सांगितलं की काकूंनी भावांवर केस घातली. बाईनं फक्त ताक वाढलं होतं.

"वहिनी, तुम्ही केली होती ना सही?" मी विचारलं. हे मला माहीत होतं, पण इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं.

"केली की. २००६ ची भाऊबीज. भावानं पहिल्यांदा चारचाकी पाठवली होती न्यायला. मला काय अप्रूप! मीच शेजारणींना सांगत होते, भाऊ गाडी पाठवतोय."

"कायदा २००५ च्या सप्टेंबरचा."

"ते आता कळतंय," त्या म्हणाल्या. "पण माझे वडील २००१ लाच गेले होते. मला कुठे लागू होता?"

तेव्हा तसंच समजत होते सगळे; वकीलही दोन्ही बाजूंनी बोलायचे. वडील २००५ ला हयात नसले तरी मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे सुप्रीम कोर्टानं ठामपणे सांगितलं ते ११ ऑगस्ट २०२० ला. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालेलं असेल, तर मात्र ते मोडत नाही. हे मी वहिनींना सांगितलं, आणि सांगून झाल्यावर वाटलं की कशाला सांगितलं. कारण नोंदवलेलं हक्कसोड पत्र काही भिंतीवरच्या गप्पांनी फिरत नाही. त्याला कोर्टात जावं लागतं, आणि तिथेही सोपं नाही.

"सही केल्यावर आले का भाऊ दरवर्षी?"

"दोन-तीन वर्षं आले की. मग पोरं मोठी झाली, त्यांचे क्लास... आता फोन करतात. न चुकता करतात हं!"

"आणि तुमच्या नणंदेनं?"

वहिनींनी परडीतली फुलं उगाच खालीवर केली. "तिनंही दिली सही. मागे आमच्या ह्यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा. आम्ही तिला सोन्याचं वेढणं घातलं. पाऊण तोळ्याचं."

"म्हणजे माहेरी सही दिलीत आणि सासरी घेतलीत. फिट्टंफाट."

"कसलं फिट्टंफाट!" वहिनी एकदम उसळल्या. "माझ्या माहेरचं दीड एकर बागायत, विहीर, पाइपलाइन! आणि ह्यांच्याकडचं सगळं जिराईत, माळावरचं. पावसावर. त्यात हरभरासुद्धा धड येत नाही. माझ्या भावजयीनं त्या दीड एकरावर दोन मजली घर बांधलं, आणि मी इथे..." आणि थांबल्या.

मी मनात म्हटलं, हेच ते. भाऊबीजेचा सगळा चिवडा आम्ही भावाच्या नावानं चघळतो. किती वेळ बसला, किती घातले, बायकोनं बसू दिलं नाही. पण सातबाऱ्यावर बहिणीचं नाव इतर हक्कात ढकललं जातं, तेव्हा मालकाच्या घरात जी बाई ताट वाढत असते, तीही कुणाची तरी बहीण असते आणि तिनंही तिच्या माहेरी अंगठा दिलेला असतो. आपलं गेलं ते नणंदेकडून वसूल करायचं, नणंदेनं तिच्या नणंदेकडून. भाऊ दोन्हीकडे बसूनच असतो. मोठ्यानं मी हे बोलले नाही. वहिनींचा चेहरा आधीच उतरला होता, आणि आमची भिंत मला आणखी बरीच वर्षं वापरायची आहे.

"काल रात्री धाकटा परत आला होता म्हणे काकूंकडे," मी विषय बदलला. खरं तर बदलला नाहीच.

"हो! एकटा. मोटरसायकलवर. बायको नाही, थोरला नाही." वहिनींना तरतरी आली. "आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या मागच्या दाराला लागून आहे ना. मी काही मुद्दाम ऐकत नव्हते."

"नाहीच."

"साडेनऊपर्यंत बसला. आधी उसाचंच चाललं होतं. तोड कधी येणार, आल्याला भाव नाही. मग वडिलांच्या आजारपणाचं. दवाखान्यात शेवटचे दिवस काकूच होत्या ना रात्रीच्या. तो म्हणाला, आक्का, तू होतीस म्हणून. आणि मग रडला की काय, नळ सोडला होता कुणीतरी, नीट ऐकू आलं नाही."

"कागदाचं?"

"तेच सांगते. काकू म्हणाल्या, माझं नाव तुमच्या नावांच्या ओळीत आण. इतर हक्कात नको. मग पुढचं आपण तिघं बसून बोलू. कुणी काय घ्यायचं, कुणी काय सोडायचं. तर तो म्हणाला, तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागेल, फेरफार पडेल, नोटीस पंधरा दिवसांची निघेल, दादा हरकत घेईल. काकू म्हणाल्या, घेऊ दे. मी पंधरा दिवस थांबते."

"आणि मग?"

"मग त्याला जेवायला वाढलं. पिठलं-भाकरी. त्या दिवशी राहिलेले करंज्यांचे डबे दिले बांधून, दोन्ही. एक थोरल्याचा."

कॉलनीत अजून हे कुणाला माहीत नाही. इस्त्रीवाल्याकडे अजून केसच चालू आहे. आम्ही दोघींनी ठरवलं की आपणही बोलायचं नाही, म्हणजे निदान दुपारपर्यंत तरी.

वहिनी जायला वळल्या, दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. परडी भिंतीवर ठेवली.

"ताई, तो पंधरा रुपयांत सातबारा मोबाइलवर कसा काढतात हो?"

"तुमचा कशाला? सही तर झालीय."

"सही झाली ती ओढ्याकडच्या रानाची. भाऊ तसं म्हणाला होता. मळ्याच्या गटाचं काही बोलणंच नव्हतं. मी कागद वाचला नव्हता, पण त्यात काय लिहिलं होतं ते बघायला तर मिळेल ना?"

"सातबाऱ्यावर फेरफाराचा नंबर मिळेल. त्यावरून बाकीचं काढता येतं. काकूंच्या लेकीला विचारू. गट नंबर माहीत आहे का पण?"

"दोन्ही गटांचे तोंडपाठ आहेत," वहिनी म्हणाल्या.